चार जाड तारा : सोलापुरात बेस गिटार शिकणाऱ्यांसाठी

बेस म्हणजे खालचे, जाड सूर वाजवणारी, बहुतेकदा चार तारांची गिटार. साधी गिटार सहा तारांची, म्हणून बेस घेतला की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय बे, दोन तारा कुठं गेल्या?" हसायचं आणि विषय बदलायचा. त्यावर वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

मी हौशी वादक आहे. नोकरी सांभाळून, घरच्यांची झोप सांभाळून वाजवणारा. त्यामुळे मोठ्या स्टुडिओतली गुपितं इथं मिळणार नाहीत. मात्र पैसा कुठं घालावा, कुठं अजिबात घालू नये आणि आपल्या हवेत, आपल्या घरांत, आपल्याकडच्या कार्यक्रमांत बेस वाजवताना काय अडतं, हे सांगता येईल. माझं मत सुरुवातीलाच देऊन टाकतो : गिटार मध्यम असली तरी चालते, तारा आणि सेटअप (नेक, तारांची उंची, सूर यांची जुळणी) नीट लागतात, आणि रियाजाचा निम्मा वेळ आवाज काढण्यापेक्षा आवाज थांबवण्यात गेला पाहिजे.

आधी ऐका, मग घ्या

मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकून काही ठरवू नका. चार तारांच्या बेसवरची सर्वांत खालची मोकळी तार, ई, ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते तिचे वरचे उपस्वर. बरे इयरफोन लावा, आवडीची गाणी घ्या आणि गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून फक्त तळ ऐका. आठवडाभर हे करून कंटाळा आला नाही, तर पुढचं वाचा.

कोणता बेस?

चार तारांचाच. जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या जाड चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. पाच तारांच्या बेसला त्याखाली आणखी एक बी मिळते. पण नवख्या हाताला वाजवायची तार कमी त्रास देते, न वाजवायची जास्त. पाचवी आली की आवरायचं काम वाढतं.

नट म्हणजे नेकच्या (मानेच्या) वरच्या टोकाची खाचांची पट्टी, ब्रिज म्हणजे तारांची खालची टोकं अडकवलेला भाग. नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. नेहमीचं स्केल ३४ इंच. हात लहान असेल, किंवा शिकणारं मूल असेल, तर ३० इंची शॉर्ट स्केल बघा. आयबानेझचा मायक्रो त्याहून आखूड, २८.६ इंची आहे. फक्त एक ध्यानात ठेवा : दुकानात सहज मिळतात त्या लाँग स्केलच्या तारा. शॉर्ट स्केलच्या बहुतेकदा मागवाव्या लागतात.

पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. फेंडरच्या १९५१च्या प्रिसिजन बेसवरून 'पी' आणि १९६०च्या जॅझ बेसवरून 'जे' ही नावं पडली. पी म्हणजे एकच भरदार आवाज, जे म्हणजे दोन पिकअप आणि थोडा धारदार स्वभाव. यामाहाच्या टीआरबीएक्स १७४सारख्या स्वस्त बेसवर दोन्ही असतात. सुरुवातीला यावर रात्री जागवू नका. पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) घ्यावा की ॲक्टिव्ह, यावर मात्र थोडं थांबा. ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, तुम्ही वाजवा अगर झोपा. वाजवून झालं की केबल काढायची. ही सवय लागणार नसेल तर पॅसिव्ह बरा.

नव्या, कामचलाऊ बेसला साधारण पंधरा ते पंचवीस हजार लागतात. शक्यतो हातात घेऊनच विकत घ्या. सोलापुरातल्या दुकानात गिटारींच्या रांगेत बेस एखाद-दुसराच टांगलेला असतो, म्हणून पुण्याची एक फेरी करायला हरकत नाही. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जा, संध्याकाळी त्याच गाडीने परत या. जाताना एक व्हिजिटिंग कार्ड आणि मोबाइलमध्ये ट्यूनर एवढं न्या.

दुकानात गेल्यावर रंग नंतर बघा. आधी बेस सुरात लावून घ्या. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, दोन पट्ट्यांमधल्या जागेलाही फ्रेटच म्हणतात. मग जाड ई तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर आणि उजव्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा. तार आता सरळ फूटपट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. फट भरपूर असेल तर नेक पुढे वाकलेली आहे. फटच नसेल तर ताठ किंवा मागे झुकलेली. थोडाफार फरक दुरुस्त होतो, पण नेकला पीळ पडलेला दिसला तर तो बेस तिथंच ठेवायचा. त्यानंतर चारही तारांवर एकेक फ्रेट वाजवून पाहा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विरतो. चांगल्या बेसलाही हे असतं, घाबरू नका. नॉब फिरवताना खरखर आली तर भाव करायला एक मुद्दा मिळाला. जुना बेस घेतानाही हीच तपासणी.

ॲम्प आणि घरातली वीज

साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पला बेस लावून आवाज वाढवू नका, स्पीकरचा कागद फाटू शकतो. हळू आवाजात चालतं. घरी सरावाला १५-२५ वॉटचा बेस ॲम्प पुरतो, कीबोर्डचा ॲम्प असेल तर तोही चालतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खिशात मावणारा हेडफोन ॲम्प उत्तम. बेसचा आवाज भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो. शेजाऱ्यांना तुमचं गाणं ऐकू येत नाही, फक्त घुमणं ऐकू येतं, आणि त्याचाच राग येतो. शहराच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालत असेल तर तुमची तक्रार कुणी करणार नाही, पण तुम्हालाही काही ऐकू येणार नाही. तिथंही हेडफोनच.

आता महत्त्वाचं. जुन्या घरांत भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला आत काहीच जोडलेलं नसतं. अर्थिंग नसलं की ॲम्प गुणगुणतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते नेहमीचंच आहे. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर वाजवणं तिथंच बंद करा आणि वायरमनला बोलवा. मंडपात तर हे हमखास तपासा. हात तारांवर आणि ओठ माइकला, आणि दोघांचं अर्थिंग वेगळं किंवा मुळातच नाही, असं झालं की झटका बसतो. माइकला ओठ टेकवण्याआधी बेसच्या तारेचं टोक माइकच्या जाळीला लावून पाहा. ठिणगी दिसली तर आधी वायरिंग दुरुस्त, मग गाणं.

वीज गेली तरी रियाज थांबत नाही. बेसचं वरचं टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवा. कपाटच बोलायला लागतं. लोखंडी कपाट मात्र खडखडतं.

तारा : इथं पैसे घाला

नवा स्वस्त बेस मेंगळट वाटत असेल तर पिकअप बदलायच्या आधी तारा बदला. दुकानात कित्येक दिवस टांगलेल्या बेसच्या तारा हातांच्या घामाने मेलेल्या असतात.

पाकिटावर ४५-१०० किंवा ४५-१०५ असे आकडे असतात. ते इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी सांगतात, बारक्या तारेपासून जाड तारेपर्यंत. नवख्याने ४५-१०० घ्यावी. डॅडारिओचा ईएक्सएल १७० हा त्याच जाडीचा निकेलचा सेट आहे. प्रकार मुख्यतः तीन. निकेलची राउंडवाउंड (वरचं वेष्टण गोल तारेचं) : सर्वगुणसंपन्न नाही, पण कुठेच खटकत नाही. स्टीलची राउंडवाउंड : जास्त खणखणीत, बोटांना आणि फ्रेटना जास्त घासणारी. आणि फ्लॅटवाउंड, जिचं वरचं वेष्टण चपटं असतं. बोट सरकताना किरकिर नाही, आवाज गोल आणि बुटका. ढोलकी-तबल्याबरोबर वाजवायचं असेल तर माझी पसंती फ्लॅटवाउंडला. महाग असते, पण वर्षानुवर्षं टिकते. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे जेम्स जेमरसन हे बेसवादक फ्लॅटवाउंडच वाजवत, तुटल्याशिवाय बदलत नसत, आणि तेही बहुतेक सगळं उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने.

राउंडवाउंडचं वैर घामाशी आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वाजवण्याआधी हात धुवा, वाजवून झाल्यावर सुती फडक्याने एकेक तार चिमटीत धरून खालून-वरून पुसा. सोलापुरात टॉवेलचा तुकडा मिळायला अडचण नाही. एवढ्यानेच तारांचं आयुष्य बरंच वाढतं.

सेट महाग वाटतो म्हणून तारा उकळण्याचा जुगाड चालतो. राउंडवाउंड तारा काढून, सैल गुंडाळून, पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळायच्या. वेष्टणाच्या फटीतला मळ निघतो. मग कोरड्या फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळवायच्या, ऊन आपल्याकडे भरपूर आहे. चमक परत येते, पण थोड्या दिवसांपुरती. एकदा-दोनदा ठीक, त्यापुढे नवा सेट. फ्लॅटवाउंड आणि कोटिंगवाल्या तारांना हे करू नका. आणि वरणाचं पातेलं वापरू नका, घरात राहायचंय.

तार बदलताना घाई नको. चारही तारा एकदम काढल्या की नेकवरचा ताण एकाएकी जातो, म्हणून एकेक बदला. नवी तार ब्रिजमधून ओवून वर आणा. जिला बसवायची त्या खुंटीपासून पुढे चार-पाच इंच जादा ठेवा. आता कापायच्या आधी त्या जागी तार काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर काही तारांचं वेष्टण आत सुटतं आणि तार कायमची मुकी होते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खुपसा, खाचेतून बाहेर काढा आणि वेढे वरून खाली येतील असे दोन-तीन घ्या. वेढे खाली उतरले की तार नटवर नीट दाबून बसते. वरच राहिले तर मोकळी तार झणझणते, आणि माणूस विनाकारण नेकला दोष देतो. शेवटी नटच्या पुढे आणि ब्रिजच्या सॅडलपुढे (तार टेकते त्या तुकड्यापुढे) तार अंगठ्याने हलकीच दाबा, म्हणजे तिथली कमान सरळ होईल. पुन्हा सुरात लावा. पहिले दोन दिवस तार उतरत राहील, ते साहजिक आहे.

सेटअप आणि सोलापूरची हवा

बेस कूलरसमोर ठेवू नका. कूलरची ओली हवा आणि दुपारची कोरडी हवा यांच्या ओढाताणीत नेकची वाट लागते. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली तापणारी खोली आणि उन्हात बंद उभी गाडी, या दोन्ही जागा वर्ज्य. आतल्या खोलीत, पिशवीत, भिंतीपासून थोडा लांब.

कडक उन्हाळ्यात लाकूड आकसतं. फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात, आणि नेक बहुधा ताठ होऊन नटजवळच्या फ्रेटवर बझ (झणझणाट) येतो. पावसाळ्यात उलट : ओलाव्याने नेक पुढे वाकते, तारा उंच होतात, बोटं दुखतात. म्हणून वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस स्थिरावल्यावर, व्हिजिटिंग कार्डाची तीच तपासणी घरी करा.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी सूर, मग नेक, मग तारांची उंची, शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं). नेकच्या आत ट्रस रॉड ही धातूची सळई असते. तिचा नट (हा फिरवायचा, वरची खाचांची पट्टी नव्हे) घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेक सरळ होते, उलट फिरवला की पुढे वाक येतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सूर लावा, थांबा, मोजा. जोर लावावा लागत असेल तर हात मागे घ्या आणि जाणकाराकडे न्या. तारांची उंची साधारण बाराव्या फ्रेटवर ई तारेला अडीच, जी तारेला दोन मिलिमीटर. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे (नेकपासून लांब), उतरा असेल तर पुढे.

पहिले महिने : थांबवायला शिका

उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर टेकवा. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. तार उचकटून वर ओढायची नाही. बोट तारेतून आरपार जाऊन शेजारच्या जाड तारेवर विसावलं पाहिजे. या विसावण्यातच अर्धी शिस्त आहे, कारण ती जाड तार त्यामुळे आपोआप गप्प राहते. डाव्या हाताने फ्रेटच्या पट्टीला खेटून दाबा, पट्टीवर नव्हे. सुरुवातीच्या रुंद फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटवर ताणू नका. तर्जनी, मधलं आणि करंगळी अशी तीन फ्रेटवर ठेवा, अनामिका करंगळीला मदतीला. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा.

एक परीक्षा घेऊन पाहा. मोबाइल रेकॉर्डिंगला लावा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. जी तारेवर एक सूर एका ठोक्यावर वाजवा आणि पुढच्या ठोक्यावर बंद करा. बंद करायचा म्हणजे डावं बोट फ्रेटवरून सैल सोडायचं, पण तारेवरून उचलायचं नाही. आता रेकॉर्डिंग इयरफोनवर ऐका. सूर थांबल्यावरही मागे एक हूं असा आवाज उरलाय ना? ती ई किंवा ए तार आहे, तुम्ही तिला हातही लावला नव्हता तरी ती सहानुभूतीने थरथरली. 'जी' तार वाजवताना अंगठा पिकअपवरून खाली आणून ई आणि ए तारांवर आडवा टेकवा. हूं बंद. हे अंगात मुरेपर्यंत दुसरं काही शिकला नाहीत तरी चालेल. बँडमध्ये चिखल होतो तो याच हूंमुळे, आणि लोक ॲम्पला शिव्या देत बसतात.

गाणाऱ्याची पट्टी

इथला गायक तुम्हाला 'सी शार्प' क्वचितच म्हणेल. तो म्हणेल 'काळी एक'. तेव्हा पेटीच्या पट्ट्या बेसवर पाठच करून टाका. पांढरी एक म्हणजे सी : ए तारेचा तिसरा फ्रेट. काळी एक चौथा, पांढरी दोन पाचवा, काळी दोन सहावा, सगळे ए तारेवरच. पांढरी चार ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर, काळी तीन दुसऱ्यावर, पांढरी पाच तिसऱ्यावर, काळी चार चौथ्यावर, पांढरी सहा पाचव्यावर किंवा मोकळी ए, आणि काळी पाच सहाव्यावर.

सा सापडला की बाकीची नगरी त्याच्याभोवतीच वसलेली असते. मध्यम : शेजारच्या बारीक तारेवर, त्याच फ्रेटला. पंचम : त्याच शेजारच्या बारीक तारेवर, दोन फ्रेट पुढे. वरचा सा : दोन तारा पलीकडे, दोन फ्रेट पुढे. कोमल निषाद : दोन तारा पलीकडे, त्याच फ्रेटला. खालचा पंचम : शेजारच्या जाड तारेवर, त्याच फ्रेटला. पट्टी बदलली तरी हा नकाशा तसाच सरकतो. गायक काळी दोनचा असेल तर सहाव्या फ्रेटवर ए आणि ई या दोन तारांत सा आणि खालचा पंचम मिळाले, अर्धं भावगीत निभावतं. मोबाइलवर तानपुरा लावून हे रोज घोटा.

तबल्याबरोबर बसलात की डग्ग्याकडे कान ठेवा. तो आणि तुम्ही एकाच तळघरात राहता. केरव्याचा ठेका म्हणून पाहा : धा गे ना ती, ना के धीं ना. डग्गा धा, गे आणि धीं वर घुमतो. मध्ये तिसऱ्यापासून सहाव्या मात्रेपर्यंत तो घुमत नाही. समेवर त्याच्याबरोबर या, लगेच थांबा, आणि बोलायचं असेल तर त्या रिकाम्या मात्रांत बोला. दोघेही सतत घुमत राहिलात तर ऐकणाऱ्याला दोघांपैकी कुणीच कळत नाही.

स्टेजवर

आधी भजनी मंडळ, चर्चमधला गानवृंद, कॉलेजचं गॅदरिंग अशा ठिकाणी वाजवा. गणपतीतल्या किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतल्या कार्यक्रमाला बोलावलं तर साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) आहे का, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारा. पॅसिव्ह बेस थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खोचला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, आणि साउंडवाला मग खालच्या सुरांचा नॉब आणखी वाढवतो. स्वतःची केबल, जादा केबल, पट्टा, ॲक्टिव्ह असेल तर नवी बॅटरी सोबत न्या. केबल पट्ट्यात अडकवून मग खोचा, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी निघणार नाही.

आणि कीबोर्डवाल्याशी सुरू होण्याआधी बोलून घ्या. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं तोच डाव्या हाताने बेस सांभाळत आलाय, त्यामुळे सवयीने त्याचा हात खाली जाणारच. "दादा, डाव्या हाताचा बेस आज माझ्याकडे द्या" असं गोडीत सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. ऐकलं नाहीच, तर तुम्ही एक सप्तक वर जा, सूर आखूड ठेवा आणि पुढच्या गाण्याच्या आधी पुन्हा विचारा.